नियमित येणारी बाई

उपकेंद्रातल्या पत्र्याच्या पेटीत रक्तदाबाच्या पेशंटांची जी कार्डं होती, त्यांत आक्काचं कार्ड सगळ्यांत नेटकं होतं. दर महिन्याला तारीख, दर महिन्याला तीस गोळ्या दिल्याची नोंद. पाऊस असो, सुगी असो, घरात पाहुणे असोत, ठरल्या दिवशी आक्का पिशवी घेऊन हजर. स्वतःच्या गोळ्या नेई आणि नवऱ्याच्या, म्हणजे बापूंच्याही. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आलेल्या मॅडम नव्या पेशंटांना तिचंच उदाहरण देत. "ह्या आक्कांकडं बघा, एक महिना चुकल्या नाहीत."

जुळत नव्हती ती एकच गोष्ट. आक्काचा रक्तदाब खाली येत नव्हता.

गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. शिवारात आलं आणि घेवडा, आणि जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा माणूस मुंबईला माथाडीत. बापूंनीही वाशीच्या बाजारात उभं आयुष्य पोती वाहिली आणि पाठ वाकल्यावर गावी आले. 2017 च्या नोव्हेंबरात देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते. सातारा त्यांतला एक. बाकीचे भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. त्या उपक्रमाची आखणी साधी आणि शहाणपणाची आहे. सगळ्यांना एकाच ठरलेल्या पायऱ्यांनी औषध द्यायचं, गोळ्या एकदम महिन्याच्या द्यायच्या, शक्य तितक्या घराजवळ द्यायच्या, आणि प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचं, म्हणजे कोण आलं नाही ते लगेच कळतं. अशी योजना गावापर्यंत पोचते तेव्हा किती घरं वाचतात, हे ज्यानं लकव्यानं पडलेला कर्ता माणूस जवळून बघितला आहे त्याला सांगावं लागत नाही.

पण कार्डाला एक मर्यादा आहे. माणूस आला की नाही, ते कार्ड सांगतं. घरी जाऊन त्यानं गोळीचं काय केलं, ते सांगत नाही.

आक्काचा पहिला आकडा होता 162/98. पहिल्या पायरीची अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली, 5 मिलिग्रॅम, रोज एक. दोन-तीन महिने आकडा उतरला. मग अचानक चढला तो चढलाच. मॅडमनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?" आक्का म्हणाली, "घेती की वो मॅडम." प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली, टेल्मिसार्टन. पुढच्या महिन्यात 168/100. त्याच्या पुढच्या महिन्यात 166/98. "मीठ कमी केलं का? लोणचं, पापड?" "केलं की." "गोळी चुकत नाही ना?" "न्हाई वो, कशी चुकल?" डॉक्टरांना काळजी वाटू लागली. दोन औषधांनीही रक्तदाब हलत नसेल तर मूत्रपिंड तपासायला हवं, हृदयाचा आलेख काढायला हवा. आक्का तालुक्याला गेली. सकाळची एसटी, दिवसभर रांग, संध्याकाळची एसटी. तपासण्या नीट आल्या. आता तिसरं औषध द्यायचं का, असा विचार चालला होता.

बापूंची गोष्ट उलटी. त्यांचं कार्ड म्हणजे नुसता घोळ होता. मुंबईहून आले तेव्हा 178/104. गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांत 132/84 वर आले, आणि बापूंनी गोळ्या सोडल्या. आकडा चांगला आला म्हणजे दुखणं संपलं, असा त्यांचा हिशेब. त्यांना मूर्ख म्हणायची घाई कुणी करू नये. जन्मभर त्यांनी औषधाचा एकच अर्थ अनुभवला होता: ताप उतरला की गोळी बंद, खोकला थांबला की बाटली बंद. दुखत नाही, खुपत नाही, पोतं उचलायला कधी आड आलं नाही, असं दुखणं मानायचं तरी कसं? त्यात अ‍ॅम्लोडिपिन शरीरात रेंगाळणारं औषध; त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. त्यामुळे एक दिवस गोळी राहिली तर काहीच जाणवत नाही. दोन दिवस राहिली तरी बहुधा जाणवत नाही. माणूस तेवढ्यानं धडा घेतो की गोळीची गरजच नव्हती. रक्तदाब आतल्या आत पुन्हा चढतो तेव्हा तो आवाज करत नाही.

एका सकाळी ओट्यावर चहा पिताना बापूंच्या उजव्या हातातून बशी निसटली. काय झालं म्हणून आक्का बाहेर आली तर बापूंच्या तोंडातून शब्द धड फुटेना, तोंडाची एक बाजू ओघळलेली. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं. बापू म्हणाले, मुंगी आली असंल हाताला. पण आक्कानं पोराला फोन लावला आणि त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हा येऊ घातलेल्या लकव्याचा इशारा आहे, असा इशारा सगळ्यांना मिळत नाही.

त्या दिवसापासून बापूंची गोळी आक्काच्या ताब्यात गेली. रात्री जेवणं झाली, भांडी पालथी घातली की आक्का एका हातात तांब्या आणि एका हातात गोळी घेऊन पुढ्यात उभी. बापूंनी गिळल्याशिवाय हलायची नाही. बापूंचा आकडा 128/80 वर आला आणि तिथंच राहिला. नवरा सुधारला, बायको बिघडली. दोघांना एकच गोळी, एकाच उपकेंद्रातून, एकाच पिशवीत जाणारी.

उपकेंद्रातल्या सिस्टर मॅडमपेक्षा तीस वर्षांनी मोठ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी आक्काच्या सुनांची बाळंतपणं केलेली, नातवंडांना डोस पाजलेले. फाल्गुनातल्या त्या दिवशी मॅडम बैठकीला गेल्या होत्या आणि रक्तदाब सिस्टरच बघत होत्या. त्यांची एक सवय होती. आल्या आल्या पट्टा बांधायचा नाही. खुर्चीत पाठ टेकवून बसवायचं, हात टेबलावर ठेवायला लावायचा, पाच मिनिटं जाऊ द्यायची. रक्तदाब नीट मोजायचा तर तसंच करावं लागतं, पण सिस्टर त्या पाच मिनिटांत बोलत. आल्याला भाव काय मिळाला, धाकट्याचं लग्न कुठं जमतंय, असलं.

मग सिस्टर म्हणाल्या, "आक्का, मला साखर हाय, ठावं हाय न्हवं तुला? माझी गोळी आठवड्यातनं दोनदा तरी राहतीच. कामाच्या नादात ध्यानातनं जाती. सगळ्यांचंच तसं हुतंय. तुझी कवा राहती?"

आक्का पट्ट्याकडं बघत राहिली. म्हणाली, "माझी राहत न्हाई, सिस्टर. मी ठेवती."

"ठेवती म्हंजी?"

"डब्यात."

मला या कथेत सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही जागा. मॅडम वाईट नव्हत्या. मन लावून काम करणाऱ्या होत्या, आक्काची त्यांना खरोखर काळजी होती. पण त्यांचा प्रश्न असा होता की त्याला एकच उत्तर देता येत होतं. जिला चार बायांसमोर शहाणी पेशंट म्हणून नावाजलं आहे, ती बाई "नाही घेत" असं कोणत्या तोंडानं म्हणेल? कौतुकही माणसाचं तोंड बंद करतं, रागावण्याइतकंच. सिस्टरनी आधी स्वतःची गोळी राहते हे सांगितलं आणि आक्काला खरं बोलायला वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि सिस्टर दोघी आक्काच्या घरी गेल्या. आक्कानं फडताळातून स्टीलचा डबा काढला. पूर्वी त्यात लाडू असायचे, दिवाळीचे. झाकण काढलं तर आत गोळ्यांच्या पट्ट्या, रबरबँड लावून, तीन-तीनचे जुडगे. एक जुडगा म्हणजे एक महिना. अ‍ॅम्लोडिपिनच्या बावीस पट्ट्या निघाल्या. खाली दुसऱ्या औषधाच्या पट्ट्या वेगळ्या, कापडात गुंडाळून. त्या तिनं उघडल्याही नव्हत्या. सिस्टरनी दोन पट्ट्या उजेडात धरल्या आणि त्यांच्या पाठीवरची मुदत दाखवली. पुढच्याच महिन्यात संपत होती. आक्काला वाचता येत नव्हतं. गोळी शिळी होते हेच तिला नवं होतं.

"कशापायी ठेवल्या?" मॅडमनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात जाब नव्हता.

आक्का सांगू लागली. गेल्या आषाढात ती ठरल्या दिवशी उपकेंद्रात गेली तर गोळ्या संपलेल्या. वरून माल आला नव्हता. आठ दिवसांनी या, म्हणाले. आठ दिवसांनी गेली, तरी नाही. तीन आठवडे असे गेले. बाजारात ही गोळी काही महाग मिळत नाही, पण औषधाचं नाव तिला माहीत नव्हतं, चिठ्ठी कार्डासोबत उपकेंद्रात, आणि बापूंचं तोंड वाकडं झालेलं तिच्या डोळ्यांपुढून हललेलं नव्हतं. पोरगा वारीच्या गर्दीत लोणंदला दुकान लावून बसलेला. कुणाला सांगायचं? घरात तिच्या स्वतःच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या. तिनं आपली गोळी बंद केली आणि त्या बापूंना दिल्या. रोज रात्री एक. तीन आठवडे निभावले.

"त्या तीन आठवड्यांत मला काय बी झालं न्हाई," आक्का म्हणाली. "मग म्या म्हनलं, माझं चालतंय की बिनगोळीचं. ह्यास्नी न्हाई चालत. पुन्यांदा गोळ्या आल्या न्हाईत तर ह्यास्नी काय देऊ? म्हनून ठेवती. डोकं लईच ठणकलं तर खाती एखादी."

बापू ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रोज रात्री आपली गोळी गिळताना समोरची बाई आपली घेते की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते उठून आत आले, डब्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "तू पडलीस तर मला उठवनार कोन गं?"

आक्कावर या वाक्याचा परिणाम झाला हे खरं आहे. ती तिथंच चुलीशी बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. पण हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. नवऱ्याला सांभाळायला बायको हवी, म्हणून तिनं गोळी घ्यायची, इतक्यावर आपण समाधान मानू नये. आपल्या घराघरांत बाईचं दुखणं सगळ्यांचं जेवण उरकल्यावर उरलेल्या भाकरीसारखं शेवटी वाटणीला येतं. आक्कानं स्वतःला मागं ठेवलं तेव्हा तिला ते त्यागासारखंही वाटलं नाही, नेहमीचंच वाटलं. सिस्टरना हे कळत होतं. त्या बापूंना म्हणाल्या, "बापू, आजपासनं गोळी दोघांनी समोरासमोर घ्यायची. तिची तुम्ही द्यायची, तुमची तिनं."

बापूंनी मान हलवली. आक्कानं मात्र हलवली नाही. तिनं सरळ मॅडमना विचारलं, "आनि परत माल आला न्हाई तर?"

मॅडमच्या ओठांवर "येईल हो, काळजी करू नका" हे आलं असणार. सगळ्यांच्याच येतं. त्यांनी ते गिळलं. म्हणाल्या, "आक्का, येईलच असं मला सांगता येत नाही. पण माझ्याकडचा साठा संपत आला की तो संपायच्या आधी मी तुमच्या घरी निरोप देईन. आणि डॉक्टरांशी बोलून तुम्हा दोघांना प्रत्येकी एक पट्टी जास्तीची देते. ती अडीअडचणीची. कार्डावर तसं लिहिते. ती वापरली तर मला सांगायचं, मी दुसरी देईन. आणि गोळीचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते, ते दुकानात दाखवायचं."

आक्कानं बराच वेळ विचार केला. मग डब्यातल्या पट्ट्या दोन ढिगांत वाटल्या आणि मुदत संपत आलेल्या मॅडमच्या हातात ठेवल्या.

त्याच दुपारी मॅडमनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता दोन्ही औषधं एकदम सुरू केली तर रक्तदाब फार खाली जाईल, चक्कर येऊन पडतील. फक्त पहिली गोळी द्या, महिन्यानं बघू. महिन्यानं 138/86 आला. त्याच्या पुढच्या महिन्यात 134/84. दुसरं औषध कधी लागलंच नाही. तालुक्याच्या त्या खेपा, त्या तपासण्या, तिसऱ्या औषधाची ती तयारी, सगळं एका न विचारलेल्या प्रश्नापायी झालं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 मध्ये दीर्घ आजारांच्या औषधोपचारांवर एक मोठा अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा असे उपचार नीट चालू ठेवणारे पेशंट सरासरी निम्मेच असतात. म्हणजे डॉक्टर पावलोपावली आहेत आणि दुकानं भरलेली आहेत, तिथंही. म्हणून अडाणीपणा, निष्काळजीपणा, हे शब्द या कामात फारसे उपयोगाचे नाहीत. माणूस गोळी सोडतो त्यामागं बहुतेक वेळा त्याच्या जगातलं खरं कारण असतं. ते ऐकल्यावरच त्यावर काही करता येतं.

मॅडमनी पेटीतली कार्डं पुन्हा काढली. या वेळी न येणाऱ्यांची नव्हे, नियमित येऊनही ज्यांचा आकडा चढा आहे अशांची. आणि एकेकाला पाच मिनिटं बसवून, त्यांच्याशी बोलून, सिस्टरसारखं विचारायला लागल्या. एक आजी सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि सगळा श्रावण गोळी घेत नव्हत्या, कारण गोळी "जेवणानंतर" घ्यायला सांगितलेली आणि उपासाला जेवणच नाही. या गोळीला जेवणाची अट नाही, साबुदाण्यावर किंवा नुसत्या पाण्यानंही चालते, एवढं सांगितल्यावर प्रश्न मिटला. शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा एक चाळिशीच्या आतला गडी गोळी खिशात ठेवायला घाबरत होता. कुणी बघितली तर आजारी म्हणून कामावरून कमी करतील. त्याची गोळी घरीच, रात्री घ्यायची ठरली. एकाच्या घोट्यांना सूज आली म्हणून त्यानं औषध सोडलं होतं. अ‍ॅम्लोडिपिननं काहींना अशी सूज येते, आणि ती आली तर औषध बदलता येतं. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळे काही सुधारले नाहीत. एकानं "एकदा सुरू केली की जन्माची लागती" म्हणून गोळीला हात लावला नाही तो नाहीच. त्याच्या घरी आशाताई अजून जातात.

वैशाखातल्या तारखेला आक्का आली ती एकटी आली नाही. शेजारची हौसा तिच्याबरोबर होती, आल्याच्या शेतात रोजंदारीवर जाणारी. हौसाचं कार्डही पेटीत होतं, तीन औषधांचं, आणि आकडा 160 च्या खाली कधी नाही. हौसा दारातच घोटाळली. आक्कानं तिला दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं.

"मॅडम, हिचं ऐका जरा," आक्का म्हणाली. "ही घेत न्हाई. मला सांगितलंय हिनं. पर तुमास्नी सांगाया लाजती."

हौसा खाली बघत होती. मॅडमनी रक्तदाबाचा पट्टा हातात घेतला नाही. खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "हौसाताई, कोणती गोळी नको वाटते? लहान पांढरी, दुसरी, की तिसरी?"

"तिसरी," हौसा म्हणाली. "लघवीची हाय ना ती. सकाळी खाल्ली की दिसभर सारखं जावं लागतंय. रानात गडीमानसं असत्यात, आडोसा न्हाई. मुकादम ओरडतोय. म्हनून कामाच्या दिवशी न्हाई घेत. घरी असली की घेती."

"आठवड्यातनं घरी किती दिवस असता?"

"एक. बाजाराच्या दिवशी."

मॅडमनी कार्डावर तसंच लिहून घेतलं, तिच्या शब्दांत, आणि ई-संजीवनीवर डॉक्टरांना जोडायला टॅब उघडला. गोळीची वेळ बदलायची की औषधच बदलायचं, ते त्यांच्याशी बोलून ठरवायचं होतं. डॉक्टर येईपर्यंत आक्का हौसाला अडीअडचणीच्या पट्टीबद्दल सांगत बसली.